आमची कुंदा आणि क्वीन बँड: तिला कोणती गाणी चालतात, कोणती नाहीत

वडगावची

बरेच महिने लिहीन लिहीन म्हणत होते. घरात मांजर आहे आणि मोठ्यानं गाणीही लागतात अशा सगळ्यांनी आपापलं सांगावं म्हणून हा धागा.

कुंदा साडेतीन वर्षांची भाटी. नाव रंगावरून पडलं. आपल्या बेळगावची खव्याची मिठाई, कुंदा, परतताना कढईच्या कडेचा खवा कसा खरपूस तपकिरी होतो, तो रंग, आणि त्यावर काळे-पांढरे ठिपके. आमच्या शेजारी माग आहेत. ऐन जुलैच्या पावसात तिथंच सुताच्या रिकाम्या खोक्यात सापडली. दोन्ही माग चालू, खटाक खटाक चाललेलं, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ही मुठीएवढी पोर गाढ झोपलेली. मोठ्या आवाजाला बिचकणारं मांजर हे नव्हे, एवढं आधी सांगून ठेवते.

घरात क्वीन, म्हणजे इंग्लंडचा जुना रॉक बँड, वाजतं ते दादामुळं. दादा उद्यमबागेत एका फाउंड्रीत अठ्ठावीस वर्षं होता, गेल्या दिवाळीपासून घरी असतो. कॉलेजात पैसे साठवून घेतलेल्या त्याच्या कॅसेटी अजून कपाटात आहेत, पण आपल्याकडच्या पावसानं निम्म्यांच्या फितीवर पांढरी बुरशी धरली, त्या गेल्याच. आता मोबाईलला वायर लावून त्याच जुन्या अँप्लिफायरवर आणि त्याच दोन लाकडी स्पीकरांवर ऐकतो, रोज संध्याकाळी तासभर. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि शाळेत असतानाच त्यानं द हेक्टिक्स नावाचा बँड काढला, हे दादानं मला मी सहावीत असताना सांगितलं होतं. अजून महिन्यातून एकदा तरी सांगतो. कोल्हापूर, सातारा, वाई की पाचगणी. त्याच्या लेखी तो माणूस शेजारगावचाच.

आता कुंदाची मतं. वहीत टिपून ठेवलीत, अंदाजपंचे नाहीत.

'वी विल रॉक यू' (१९७७) लागलं की ती झोपून राहते. या गाण्यात जवळजवळ शेवटपर्यंत एकही वाद्य नाही, पाय आपटणं आणि टाळ्या, त्यावर गळा. मला वाटतं तिला हे मागासारखंच लागत असावं, एका लयीत, कुठं अडखळत नाही. पण शेवटी गिटार शिरते तशी उठते आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन बसते. प्रत्येक वेळी तिथंच.

'लव्ह ऑफ माय लाइफ' (१९७५) तिला मनापासून चालतं. पुढचे पाय आत दुमडून अँप्लिफायरवर बसते, डोळे अर्धे मिटलेले. यात पियानो आहे आणि गिटारवाल्या ब्रायन मेनं वाजवलेली हार्प आहे.

'बोहेमियन रॅप्सडी' पावणेसहा मिनिटांच्या वरचं गाणं. पियानोचा भाग ऐकते. मधल्या ऑपेराच्या भागात ड्रमवाला रॉजर टेलर अगदी टिपेला जाऊन गातो, तिथं दोन्ही कान मागं टाकते आणि खोलीतून निघून जाते. पळत नाही. चालत जाते, शेपूट खाली. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीखाली जाऊन बसते आणि गाणं संपलं तरी दहा-पंधरा मिनिटं येत नाही.

'डिलायला' (१९९१) हे फ्रेडीनं स्वतःच्या मांजरीवर केलेलं गाणं. डिलायलाही कुंदासारखीच तिरंगी होती. त्यात ब्रायन मेनं गिटारमधून म्याँव काढलंय. पहिल्यांदा लावलं त्या दिवशी कुंदानं डाव्या स्पीकरच्या मागं जाऊन पाहिलं, मग उजव्याच्या, मग परत डाव्याच्या. चौथ्या-पाचव्या वेळेपासून बघणं सोडलं.

मला यातलं कोडं असं पडलंय. माग चालतो, कुकर चालतो, गल्लीत फटाके वाजले तरी जिन्यात बसून राहते. मग त्याच दोन-तीन गाण्यांत, त्याच जागी ती का उठते? दादाला वाईट वाटतं. कुंदा त्याच्याच मांडीवर वाढलीय. हल्ली दोघांचं थोडं बिनसलंयही. दोनदा तिच्या शेपटीवर त्याचा पाय पडला. तो म्हणतो हिच्या गळ्यातलं घुंगरू वाजत नाही, ही कधी पायात येते कळत नाही. मी दोनदा नवीन घुंगरू आणलं.

अनगोळचा_बाळू

ताई, फोटो टाका की ओ आधी! कुंदा नाव एक नंबर. आमच्याकडचा बोका भजन लागलं की येऊन बसतो, बातम्या लागल्या की जातो. रॉकचं माहीत नाही.

कॅम्पातला

नाराज होऊ नका, पण मला वाटतं तिला गाण्याचं काही नाही. जुना अँप्लिफायर तापतो, वर जाळी असते, त्यातून गरम हवा येते. मांजर उबेला येतं. आमचं राऊटरवर झोपतं, त्याला इंटरनेट आवडतं असं आम्ही म्हणत नाही.

वडगावची

कॅम्पातले, तुमचं म्हणणं रास्त वाटलं म्हणून तीन संध्याकाळी करून बघितलं. दादाला सांगून अँप्लिफायर नुसता चालू ठेवला, गाणं नाही. तिन्ही दिवस कुंदा वर येऊन तासभर झोपली, हलली नाही. म्हणजे येते ती उबेसाठी, हे मान्य. पण जाते का, ते यातून सुटत नाही. ऊब सोडून पावसाळ्यात थंड फरशीवर जायला काहीतरी तसंच कारण हवं.

फेटलिंग_उद्यमबाग

क्वीनचा धागा आणि तोही वडगावातनं, वाचून फार बरं वाटलं. एक सांगतो. ब्रायन मे ज्या गिटारवर वाजवतो ती त्यानं आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून घरी बसून केलेली आहे. दांडीचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. तारा ढिल्या-ताठ करायच्या दांडीला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. आमच्या उद्यमबागेत अशी माणसं गल्लीगल्लीत आहेत, भंगारातनं पंप उभा करतात. म्हणून मला हा माणूस आपला वाटतो.

तुमच्या मांजराच्या कामाचं एवढंच, की तो प्लास्टिकच्या पातीनं वाजवत नाही. इंग्लंडचं जुनं सहा पेन्सचं नाणं वापरतो. त्याची कड दातेरी असते. तार सुटताना बारीक खर्र येतो. आपल्याला तो नुसता धार आल्यासारखा वाटतो, मांजराच्या कानाला कसा लागत असेल देव जाणे.

टिळकवाडीच्या_काकू

मी रॉक ऐकत नाही. माझं सगळं आयुष्य पेटी आणि तंबोऱ्यात गेलं. पण मांजराबद्दल सांगते. आमचा बोका मी तंबोरा जुळवायला घेतला की कुठं असेल तिथून येतो आणि भोपळ्याला पाठ लावून बसतो. मिरजेचा तंबोरा आहे, सासूबाईंच्या वेळचा. तारा छेडल्या की भोपळा थरथरतो ते हाताला कळतं, त्याला पाठीला कळत असणार. जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आणायचा झंकार, नीट लागलेली नसेल, तारेचा आवाज पत्र्यासारखा येत असेल, तर बसत नाही. मी जवारीचा दोरा सरकवते, आवाज भरला की येतो. मला याचं कधी नवल वाटलं नाही. ज्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवर सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, तिथल्या बोक्याला एवढं कळावंच.

तुमच्या कुंदाला गोंगाट नको असेल, त्यात वावगं काय?

वडगावची

काकू, नमस्कार. तुमचा बोका वाचून छान वाटलं. पण गोंगाट म्हणाल तर पाय आपटण्याचं गाणं सगळ्यात जास्त दणदणतं, खिडकीची काच थरथरते, तेव्हा ती झोपलेली असते. टिपेच्या गळ्याला आणि झांजांना उठते. जवारीचं तुम्ही लिहिलंत ते मात्र डोक्यात राहिलं. पत्र्यासारखा आवाज.

निपाणीची_माई

आमची मनी पांढरी शुभ्र, दोन्ही डोळे निळे. तिचं सगळं उलटंच आहे. गणपतीत आमच्या दारासमोरून डॉल्बी जातो, ताटं थरथरतात मांडणीवरची, आणि मनी खिडकीत पसरलेली. पोरं म्हणतात मनीला डीजे आवडतो. मागच्या वर्षी तिचे व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. मांजरा-मांजरात फरक असतो बघा.

खानापूरचा_गुरांचा_डॉक्टर

निपाणीच्या माई, तुम्हाला आधी लिहितो. पांढरं मांजर आणि दोन्ही डोळे निळे, अशी बरीचशी मांजरं जन्मापासून बहिरी असतात. तीच जनुकं रंग घालवतात आणि कानाच्या आतला भागही पिलू काही आठवड्यांचं असताना सुकवतात. घरी असं बघा: मनी झोपलेली असताना, तिला दिसणार नाही आणि हवेचा झोत किंवा फरशीचा हादरा लागणार नाही अशा जागी, दाराआड उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. भांडं आपटू नका, हादऱ्यानं ती उठेल आणि तुमची फसगत होईल. दोन-तीन वेळा करा. कान हलला नाही तर डॉक्टरकडं न्या, आणि तिला रस्त्यावर सोडू नका, गाडीचा हॉर्न तिला ऐकू येणार नाही.

आता कुंदा. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढे कंप, ऐकतो; आकडा मोठा तेवढा आवाज बारीक. मांजराचा सुमारे ४८ पासून थेट ८५,००० पर्यंत. कुत्र्याच्याही वर. उंदरांची पिलं फार बारीक आवाजात ओरडतात, आपल्याला ती मुकी वाटतात, मांजराला ऐकू येतात. खाली मात्र मांजर आपल्यापेक्षा कमी ऐकतं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची, तिचा मूळ सूर मांजराच्या कानाच्या उंबऱ्याखाली जातो. काच थरथरली तरी कुंदा झोपलेली राहते ते यामुळं असू शकेल. मांजराचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो ८,००० हर्ट्झच्या आसपास. तिथं तो आपल्याहून बराच हळू आवाजही टिपतो. झांजा, शिट्टी, "स" "श" यांची धार त्याच भागात येते.

कान मागं चपटे, शेपूट खाली, बाहुल्या मोठ्या, आडोशाला जाऊन दहा-पंधरा मिनिटं न येणं, ही त्रासाची लक्षणं आहेत. नुसतं नावडणं नव्हे. तिला दार उघडं ठेवता ते फार चांगलं करता.

धारवाडात_शिकणारी

यावर अभ्यास झालेत. लिस्बनमध्ये डॉक्टरांनी १२ मांजरींना नसबंदीच्या शस्त्रक्रियेत, भूल दिलेली असताना, हेडफोन लावून तीन गाणी ऐकवली. सॅम्युअल बार्बरचं शास्त्रीय, नताली इम्ब्रुग्लियाचं पॉप आणि एसी/डीसी या रॉक बँडचं दणदणीत 'थंडरस्ट्रक'. शास्त्रीय चालू असताना श्वास सगळ्यात संथ आणि बाहुल्या लहान, एसी/डीसीला सगळ्यात उलट.

दुसरा अमेरिकेत विस्कॉन्सिनचा, २०१५ मधला. चेलोवादक डेव्हिड टाय यांनी मांजरासाठीच संगीत केलं, घुरघुरीची आणि दूध पिण्याची लय घेऊन, सूर मांजराच्या आवाजाच्या पट्टीत. ४७ पाळीव मांजरांना ऐकवलं. मांजरं त्या स्पीकरला जाऊन अंग घासायची. माणसांचं शास्त्रीय संगीत लावलं तर फारशी दखल घेत नव्हती.

कॅम्पातला

भूल दिलेल्या मांजराचं मत कसलं? शरीराचा प्रतिसाद आहे तो. आणि दुसरा अभ्यास तर हेच सांगतो की आपलं गाणं त्यांच्यासाठी नाहीच.

वडगावची

बरोबर. पण कुंदाचं मत म्हणजे तिला फ्रेडी आवडतो की नाही, असं मला कधीच म्हणायचं नव्हतं. ती आमच्या घरातल्या एका खोलीत, एका ठरावीक क्षणी उठून जाते. ते जाणं तिचं बोलणं आहे आणि ते मला समजून घ्यायचंय. डॉक्टर, तुम्ही त्रास हा शब्द वापरलात तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

रेडिओवाला_खडेबाजार

ताई, चाळीस वर्षं टेप-अँप्लिफायर दुरुस्त करतोय. एवढंच विचारतो. अँप्लिफायरवर ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण कुठं फिरवलेलं आहे?

वडगावची

आत्ता जाऊन बघून आले.

पूर्ण उजवीकडं. शेवटपर्यंत, पुढं फिरतच नाही. बेसचं बटण मधोमध, त्याच्या खाचेत वर्षानुवर्षांची धूळ बसलीय, कुणी हातच लावलेला नाही. ट्रेबलचं बटण मात्र स्वच्छ, बोटांनी गुळगुळीत झालेलं.

रेडिओवाला_खडेबाजार

मग मिळालं. ट्रेबलचं बटण वरचे, हजारांतले हर्ट्झ वाढवतं, डॉक्टरांनी लिहिलं त्याच भागात. शेवटपर्यंत नेलं की झांजा आणि "स" कित्येक पट होतात, पाय आपटणं तेवढंच राहतं. बटण मधोमध आणा, आवाज आहे तेवढाच ठेवा, तीच गाणी लावा.

वडगावची

आज दादा बाजारला गेला होता तेव्हा केलं. बटण मधोमध. आवाज तेवढाच, मोबाईलवर किती दांड्या आहेत ते मोजून.

'बोहेमियन रॅप्सडी' लावलं. कुंदा अँप्लिफायरवर. ऑपेराचा भाग आला. रॉजर टेलर टिपेला गेला. तिचा डावा कान मागं वळला, उजवा पुढंच राहिला. मान उचलली. मी श्वास धरून बसलेले. परत मान खाली ठेवली. पुढं गिटारींचा दणका सुरू झाला तेव्हा उठून बसली, पण गेली नाही. शेवटी मोठी घंटा वाजते, तिथपर्यंत होती. मी रडले, खरंच.

मग दादा आला. चप्पल काढता काढता म्हणाला, आज आवाज असा घोंगडीखालून आल्यासारखा का येतोय? गेला आणि बटण पूर्ण उजवीकडं. कुंदा उठली, स्वयंपाकघरात.

मी काही बोलले नाही. पण आता झोप येत नाहीय. माई, तुमच्या मनीचं काय झालं हो?

निपाणीची_माई

ताई, डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. मनी दिवाणावर झोपली होती. दाराआडून किल्ल्या वाजवल्या, चार वेळा. कानाचं टोकसुद्धा हललं नाही. मग नातवानं हळूच दिवाणावर हात ठेवला तर ताडकन उठली. गावात डॉक्टरांना दाखवलं, तेही तेच म्हणाले. चार वर्षं आम्ही तिला डीजेची शौकीन म्हणत होतो, तिला काही ऐकूच येत नव्हतं. काल अंगणाला जाळी मारून घेतली. नातू फार नाराज आहे, त्यानंच व्हिडिओ पाठवले होते सगळ्यांना.

फेटलिंग_उद्यमबाग

वडगावच्या ताई, हे मी लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. लिहितो.

तुमचे दादा फाउंड्रीत कुठल्या खात्यात होते? मी फेटलिंगला होतो. साच्यातनं निघालेलं कास्टिंग ग्राइंडरनं आणि छिन्नीनं साफ करायचं खातं. तिथं दिवसभर माणूस माणसाशी खुणेनं बोलतो. नियमाप्रमाणं आठ तासांना ९० डेसिबलच्या वर जाऊ नये, पण ग्राइंडर कास्टिंगला लागला की तो आकडा कुठल्या कुठं जातो. कानात घालायचे बोळे मिळायचे, आम्ही घालायचो नाही. घातले की सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही म्हणून.

आवाजानं जाणारा कान सगळा एकदम जात नाही. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. जाड आवाज तसाच ऐकू येतो, त्यामुळं माणसाला वाटतं आपल्याला सगळं येतंय. जातात ते "स", "फ", "ट", लहान पोरांचे आवाज, पाखरं. मी बायकोला वर्षभर सांगत होतो, नीट बोल, पुटपुटू नको.

तुम्ही पहिल्या पानावर घुंगराचं लिहिलं होतं. ते मी तेव्हाच वाचलं आणि तिथंच थांबलो होतो. घुंगरू वाजतंय ना, ताई?

वडगावची

वाजतंय.

फेटलिंगलाच होता. अठ्ठावीस वर्षं.

टिळकवाडीच्या_काकू

पोरी, त्याला एकटं पाठवू नकोस. तू बरोबर जा. आणि कानाचं मशीन म्हणजे म्हातारपण असं त्याला कुणी म्हणू देऊ नका. माझ्याकडं दोन आहेत. त्याशिवाय मला जवारी कळली नसती.

खानापूरचा_गुरांचा_डॉक्टर

माझा विषय जनावरांचा, पण एवढं नक्की सांगतो, ऑडिओग्राम करून घ्या. बंद खोलीत हेडफोन लावून एकेक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही. आणि तोवर कुंदासाठी दार उघडंच ठेवा.

वडगावची

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

दादाला मी कुंदावरून सांगितलं. थेट कानाचं काढलं असतं तर उठून गेला असता. त्याला बसवून दोनदा तेच गाणं लावलं, एकदा बटण मधोमध, एकदा पूर्ण. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, कुंदा पहिल्यांदा बसली, दुसऱ्यांदा गेली. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, म्हणजे एवढं फिरवल्यावर तुम्हाला सगळ्यांना ते टोचत होतं? वहिनी म्हणाली, हो. दोन वर्षं झाली. तुम्हाला एवढं आवडतं म्हणून कुणी बोललं नाही.

तपासणी झाली. कागदावर दोन रेघा आहेत, दोन्ही कानांच्या, डावीकडून सरळ येतात आणि ४,००० जवळ विहिरीत उतरल्यासारख्या खाली जातात. डावा जास्त. फेटलिंगवाले, तुम्ही लिहिलं होतं तसंच. दादानं तो कागद घडी न घालता घरी आणला. मशीनचं माप दिलंय, यायला वेळ आहे. तुमचा नंबर त्याला हवाय. त्यानं स्वतः विचारलं, हे माझ्यासाठी मोठं आहे.

ट्रेबलचं बटण त्यानं मधोमध आणून वर चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. माझ्यासाठी फिरवायचं नाही, म्हणाला. त्याला गाणं घोंगडीखालूनच ऐकू येतं, पण क्वीन त्याला पाठच आहे, कुठं काय येतं ते तो डोक्यात भरून घेतो. कुंदासमोर मांडी घालून बसतो. ती अँप्लिफायरवर, पाय दुमडून. परवा गाणं चालू असताना त्यानं मला खूण करून जवळ बोलावलं आणि तिच्या डाव्या कानाकडं बोट दाखवलं. कान टपकन मागं वळला, परत पुढं आला.

"झांज," दादा म्हणाला. "बघ, आता परत येईल."

आणि आली.